अफूच्या पेट्या आणि भटजींची वाट : अमिताव घोष यांची कादंबरीत्रयी व गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’

प्रास्ताविक

मराठी घराचा अफूच्या झाडाशी संबंध येतो तो खसखशीच्या रूपाने. दिवाळीचे अनारसे खसखशीवर थापले जातात, आणि सभेत हशा झाला तर ‘खसखस पिकली’ असे आपण सहज म्हणतो. ज्या बोंडातून ही खसखस मिळते, त्याच हिरव्या बोंडाला चिरा दिला असता जो चीक पाझरतो ती अफू. मराठी लेखनात मात्र ही अफू वस्तू म्हणून क्वचित आणि उपमा म्हणून वारंवार भेटते. मार्क्सच्या विचाराबरोबर ‘अफूची गोळी’ हा शब्दप्रयोग आपल्या वैचारिक गद्यात आला आणि इतका रुळला, की खरीखुरी गोळी कोण करीत होते, कोठे विकत होते आणि तिच्या पैशातून काय उभे राहिले, हा प्रश्न त्याच्या आड गेला.

अफू, कारस्थान आणि आशियातील दूरचे प्रवास या तिन्हींची गुंफण इंग्रजी साहित्याला नवी नाही. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगने ‘किम’ (१९०१) या कादंबरीत लाहोरपासून हिमालयापर्यंतचा प्रवास आणि हेरगिरीचा ‘मोठा खेळ’ रंगविला. गाझीपूरच्या अफूच्या कारखान्यावरही त्याने स्वतंत्र लेख लिहिला. आपल्या काळात या विषयाला सर्वांत मोठा आवाका दिला तो अमिताव घोष यांनी. ‘सी ऑफ पॉपीज’ (२००८), ‘रिव्हर ऑफ स्मोक’ (२०११) आणि ‘फ्लड ऑफ फायर’ (२०१५) या तीन कादंबऱ्यांत गाझीपूरच्या शेतापासून कँटनच्या बंदरापर्यंतचा अफूचा मार्ग त्यांनी उभा केला. त्यानंतर ‘स्मोक अँड अ‍ॅशेस’ (२०२३) या ग्रंथात त्याच विषयाची वैचारिक आणि ऐतिहासिक मांडणी केली.

प्रस्तुत निबंधात या त्रयीचे वाचन एका मराठी ग्रंथाच्या शेजारी ठेवून करावयाचे आहे. तो ग्रंथ म्हणजे विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’. वरवर पाहता ही जोडी विजोड वाटेल. घोष यांची त्रयी अफूविषयी आहे. भटजींच्या पुस्तकाचा तो विषयच नाही. परंतु दोन्हींच्या मध्ये मालवा नावाचा एक प्रदेश आहे. घोष यांच्या कादंबऱ्यांत मालव्याची अफू आहे, पण मालव्याची भूमी नाही. भटजींच्या प्रवासात मालव्याची भूमी आहे, पण त्या भूमीत पिकणारे आणि विकले जाणारे पीक कथेचा भाग होत नाही. ही दोन अर्धी चित्रे एकमेकांना जुळत का नाहीत, आणि ती जुळविण्याचे काम ज्या मराठी कादंबरीने करावे अशी अपेक्षा आहे तिला ते का साधले नसावे, हा येथील विचाराचा विषय आहे.

मालव्याची अफू

पार्श्वभूमी थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण बिहारची अफू आणि मालव्याची अफू यांतील फरक समजल्याखेरीज पुढील विवेचन कळणार नाही. बिहार आणि बनारसच्या परिसरात अफूवर ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी होती. शेतकऱ्याला परवाना आणि आगाऊ रक्कम देऊन त्याच्याकडून खसखस पिकवून घ्यायची, कच्ची अफू ठरलेल्या भावाने कंपनीच्या एजन्सीला घालायची, आणि पाटणा व गाझीपूर येथील कारखान्यांत तिचे गोळे करून कलकत्त्याला लिलाव करायचा, अशी ती व्यवस्था. मालव्यात असे नव्हते. तो मुलूख शिंदे, होळकर आणि अनेक लहानमोठ्या संस्थानिकांचा. तेथे शेतकऱ्याला पैसा पुरविणारा गावचा सावकार होता, माल उचलणारा उज्जैन–इंदूरचा सराफ होता आणि कर घेणारा दरबार होता. चीक जवसाच्या तेलात राखून, त्याच्या वड्या करून, साधारण १४० पौंडांच्या पेट्या भरून तो पश्चिम किनाऱ्याकडे रवाना होई.

ही अफू कंपनीच्या डोळ्यांत सलत होती. १८०५ च्या सुमारास मुंबई बेटावरून तिची निर्यात बंद करण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा व्यापाऱ्यांनी पोर्तुगीजांच्या दमणची वाट धरली. १८१८ नंतर कंपनीने मालव्यात स्वतः खरेदी करून पाहिली. पुढे १८२४ ते १८२७ च्या दरम्यान होळकरांसह अनेक संस्थानिकांशी करार करून अफूचे पीक व वाहतूक आवळण्याचा उद्योग झाला. ग्वाल्हेरच्या शिंदे दरबाराने मात्र असा करार करण्याचे नाकारले. बंदोबस्त वाढला तशा चोरवाटाही वाढल्या. राजपुतान्यातून सिंधमार्गे कराची आणि तेथून समुद्राने दमण असा लांबचा वळसा घालूनही माल निघू लागला. अखेर १८३० च्या सुमारास कंपनीने माघार घेतली. १८३१ पासून पेटीमागे १७५ रुपये भरून परवाना घ्यावा आणि माल सरळ मुंबईस न्यावा, अशी पद्धत सुरू झाली. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेल्यावर कराचीची वाट बंद झाली, आणि परवान्याची रक्कम टप्प्याटप्प्याने कितीतरी पट वाढविणे सरकारला शक्य झाले.

अमर फारुकी या इतिहासकारांनी या चोरट्या व्यापाराकडे देशी व्यापारी आणि देशी दरबार यांनी वसाहतवादी मक्तेदारीला दिलेला प्रतिकार म्हणून पाहिले आहे. मुंबईचे भांडवल या व्यापारात घडले, असेही त्यांचे प्रतिपादन आहे. जमशेटजी जीजीभाई, गोमंतकीय व्यापारी रोजेरिओ द फारिया, मोतीचंद अमीचंद ही त्या काळच्या मुंबईतील अफूच्या व्यापाराशी निगडित असलेली ठळक नावे. जमशेटजींच्या दानातून पुढे मुंबईचे रुग्णालय आणि कलाशाळा उभी राहिली, पुण्यात मुळा-मुठेवर बंधारा झाला. ज्या कलाशाळेत मराठी चित्रकारांच्या पिढ्या शिकल्या, तिच्या पायाशी मालव्यातील खसखशीची शेते आहेत, हे विधान कोणावर दोषारोप करण्यासाठी येथे केलेले नाही. ते साधे हिशेबाचे सत्य आहे.

शेत असलेली अफू, शेत नसलेली अफू

घोष यांच्या त्रयीचा आरंभ गाझीपूरजवळच्या गावात होतो. दिती ही तेथील शेतकरीण. तिचा नवरा हुकमसिंग गाझीपूरच्या अफूच्या कारखान्यात कामाला आहे आणि स्वतः अफूच्या पूर्ण आहारी गेलेला आहे. घोष यांची प्रतिभा येथे सर्वांत अधिक दिसते ती एका साध्या तपशिलात. दितीच्या झोपडीचे छप्पर नव्याने शाकारायचे आहे, पण पेंढा मिळत नाही. कारण ज्या शेतात पूर्वी गहू होई तेथे आता खसखस आहे. मक्तेदारी म्हणजे काय, हे अर्थशास्त्राच्या पानभर विवेचनापेक्षा त्या गळक्या छपरातून अधिक कळते. ज्याने आपल्या भागात भाताचे पिंजर छपरावर चढताना पाहिले आहे, त्याला या प्रसंगाचे मर्म वेगळे सांगावे लागत नाही. पुढे दिती नवऱ्याला आणावयास कारखान्यात जाते, तेव्हा अफूच्या हौदांत कमरेइतके उतरून ती तुडविणारी माणसे तिला दिसतात. कारखान्याच्या सांडपाण्याने सुस्तावलेली माकडेही त्याच चित्रात आहेत. विशेष म्हणजे अफू ही येथे केवळ अत्याचाराचे साधन नाही. सासूला थोडी थोडी अफू चारून दिती तिच्याकडून आपल्या संसारातील भयंकर सत्य काढून घेते. वस्तू एकच, ती कंपनीच्या हाती सत्ता असते आणि एका असहाय सुनेच्या हातीही क्षणभर सत्ता होते.

नवऱ्याच्या चितेवरून कलुआ दितीला वाचवितो, दोघे गंगेच्या प्रवाहाबरोबर पळतात आणि गिरमिटिये म्हणून ‘आयबिस’ जहाजावर चढतात. पूर्वी गुलामांची ने-आण करणारे हे जहाज आता मॉरिशसला मजूर नेत आहे. याच जहाजावर रास्खालीचा जमीनदार नील रतन हलदर कैदी म्हणून येतो. त्याचा गुन्हा खोट्या सहीचा. त्रयीतील कारस्थानाचे स्वरूप या प्रसंगात स्पष्ट होते. ‘किम’मध्ये कारस्थान म्हणजे वेषांतर, सांकेतिक शब्द आणि सरहद्दीवरचे नकाशे, आणि ते सारे साम्राज्याच्या सेवेत. घोष यांच्याकडे कारस्थान हुंडीवर, सहीवर, कर्जाच्या कागदावर आणि न्यायालयाच्या भाषेत चालते. अफूच्या भावातील चढउतारात अडकलेला जमीनदार आपली जमीन स्वाधीन करीत नाही म्हणून तो गुन्हेगार ठरविला जातो, आणि हे करणारा इंग्रज व्यापारी बर्नहॅम धर्म व मुक्त व्यापार यांची भाषा बोलत राहतो. खंजीर आणि गुप्त दरवाजे यांच्यापेक्षा हा प्रकार अधिक थंड आणि अधिक खरा आहे.

दुसऱ्या खंडात केंद्र पश्चिमेकडे सरकते. बहराम मोदी हा नवसारीच्या गरीब घरातला पारशी, मुंबईच्या मिस्त्री या संपन्न जहाजबांधणी करणाऱ्या घराण्याचा जावई. आणि आपल्याकडे ज्याला घरजावई म्हणतात त्या स्थितीत राहिलेला. मुंबईत त्याला मान नाही. कँटनमध्ये तो मोठा शेठ आहे, इंग्रज त्याला आपल्या सोयीचे नाव देतात, आणि चि-मेई या चिनी स्त्रीपासून त्याला झालेला मुलगाही तिकडचाच आहे. १८३८ साली आयुष्यातील सर्वांत मोठा माल घेऊन तो ‘अनाहिता’ जहाजाने निघतो. मार्च १८३९ मध्ये लिन झेक्सू कँटनला येतो, परदेशी व्यापाऱ्यांना कोंडतो आणि साठा जप्त करतो. इतिहासात जप्त झालेल्या पेट्यांची संख्या २०,२८३ अशी नोंदली आहे. जून महिन्यात हुमेन येथे चुना आणि मीठ घालून तो सारा माल नष्ट करण्यात आला. कादंबरीत या आकड्याच्या आत बहरामच्या पेट्या आहेत आणि त्या पेट्यांच्या आत त्याची सारी पत.

बहराम हे घोष यांनी घडविलेले सर्वांत गुंतागुंतीचे पात्र होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तो प्रेमळ आहे, खादाड आहे, नोकरांची काळजी घेणारा आहे. आणि तो विष विकतो. कँटनच्या व्यापारी मंडळाच्या बैठकीत बसताना आपण कोणाच्या बाजूने हात वर करीत आहोत हे त्याला कळते, पण कळूनही तो हात खाली घेत नाही. साम्राज्याने त्याच्या सासरचा जहाजबांधणीचा धंदा खच्ची केला म्हणून तो अफूकडे वळला. म्हणजे तो बळी आहे. चिनी माणसाच्या दृष्टीने तो गुन्हेगार आहे. लेखक दोन्ही गोष्टी एकाच माणसात राहू देतो आणि निवाडा देण्याची घाई करीत नाही.

मात्र याच ठिकाणी त्रयीतील मोठी पोकळी जाणवते. दितीच्या अफूला शेत आहे. बहरामच्या अफूला शेत नाही. त्याच्या जहाजावरचा माल मुंबईच्या गोदीत जणू आपोआप प्रकटतो. मालवा येतो तो बोलण्याच्या ओघात, व्यापाऱ्याच्या तोंडून, एक नाव म्हणून. उज्जैनचा सराफ, होळकरशाहीतील पाटील, बोंडाला चिरा देणारी मालवी स्त्री, घाट उतरणारा बैलांचा तांडा यांना पात्र म्हणून स्थान नाही. भोजपुरी मुलखाबद्दल घोष यांनी जी आस्था आणि जी भाषिक मेहनत दाखविली, तिच्या तुलनेत हा प्रदेश कोराच राहतो. ‘स्मोक अँड अ‍ॅशेस’मध्ये त्यांनी मालव्याचा आणि बिहारचा फरक, मराठी संस्थानांनी कंपनीला केलेला विरोध आणि त्यातून पश्चिम भारताला झालेला आर्थिक लाभ यांची विस्ताराने चर्चा केली आहे. कादंबरीत जे आले नाही ते निबंधात आणावे लागले. हा केवळ जागेचा प्रश्न नाही. मक्तेदारीतील शेतकरी हा सरळ पीडित असतो, त्याची कथा सहानुभूतीने सांगता येते. मालव्यातील साखळीत पीडित कोण आणि लाभार्थी कोण हे इतक्या सहजी वेगळे करता येत नाही, आणि तशी माणसे घोष यांनी फक्त बंदरावर शोधली.

तिसऱ्या खंडाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. केसरीसिंग हवालदाराच्या निमित्ताने आलेले कंपनीच्या पलटणीचे चित्रण भक्कम आहे. झॅकरी आणि मिसेस बर्नहॅम यांचा भाग मात्र प्रहसनाकडे झुकतो, आणि योगायोगांची संख्या वाचकाची परीक्षा पाहते. लक्षात राहते ती बहरामची विधवा शिरीन. नवऱ्याच्या मृत्यूनंतर घराण्याच्या इच्छेविरुद्ध ती चीनकडे निघते, आणि ज्या व्यापाराने आपले घर चालविले त्याचे दुसरे टोक प्रथमच पाहते.

एक भाषिक मुद्दा येथेच नोंदवितो. ‘आयबिस’वरील खलाशांची लष्करी बोली घोष यांनी थॉमस रोबकच्या १८११ च्या कोशाच्या आधारे रचली आहे. तिच्यातील सारंग आणि तांडेल हे शब्द कोकण किनाऱ्यावर अजूनही ऐकू येतात. इंग्रजी वाचकाला जे अनोळखी संगीत वाटते, त्यातले काही शब्द रत्नागिरी–मालवणच्या वाचकाला घरचे वाटतील.

वाट तीच, दिशा उलटी

आता ‘माझा प्रवास’ पाहू. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होते, आणि बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथे भरपूर दक्षिणा मिळेल, अशी वार्ता आली होती. सातपुडा ओलांडून महूच्या परिसरात येताना वाटेत भेटलेल्या शिपायांकडून त्यांना पुढील उलथापालथीची आगाऊ चाहूल लागते. त्यानंतर उज्जैन, धार, ग्वाल्हेर, झाशी असा प्रवास होतो. झाशीचा वेढा आणि लूट ते आतून पाहतात. अनेकदा नागवले जाऊन अखेर गंगेची कावड घेऊन ते घरी परततात. पुढे चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून त्यांनी हे सारे लिहून काढले. सरकारच्या धास्तीने ते बरीच वर्षे छापले गेले नाही. १९०७ मध्ये वैद्यांनी ते संस्कारित रूपात प्रसिद्ध केले, आणि १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून त्याची आवृत्ती सिद्ध केली.

भटजींच्या प्रवासाचा हा आरंभीचा टप्पा नकाशावर पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. इंदूर–उज्जैनकडून महूमार्गे सातपुडा उतरून मुंबईकडे येणारा रस्ता हा १८३१ नंतर परवान्याच्या अफूचा राजमार्ग होता. भटजी महूकडे चढत होते, त्या काळात पेट्या मुंबईकडे उतरत होत्या. ते ज्या उज्जैनला गेले ते महाकालाचे क्षेत्र होते, तसेच मालव्यातील अफूच्या सट्ट्याचे आणि सराफीचे मोठे केंद्रही होते. आणि ज्या बायजाबाईंच्या दक्षिणेची आशा त्यांना घराबाहेर काढते, त्या स्वतः आर्थिक व्यवहारात निष्णात होत्या. सावकारीत त्यांचा पैसा होता. यज्ञाची दक्षिणा अफूच्या नफ्यातून येणार होती असे म्हणण्यास आधार नाही आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. परंतु ज्या प्रदेशाचा पैसा खसखशीच्या हंगामाबरोबर हलत होता, त्या प्रदेशात ही दक्षिणा वाटली जाणार होती, एवढे निश्चित.

बायजाबाई आपल्या जिल्ह्याच्या. कागलच्या घाटगे घराण्यातील सखाराम ऊर्फ सर्जेराव यांची ही कन्या दौलतराव शिंद्यांची पत्नी झाली, आणि १८२७ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर १८३३ पर्यंत तिने ग्वाल्हेरचा कारभार पाहिला. कंपनीचे अफूचे धोरण कोलमडले ते नेमक्या याच वर्षांत. शिंदे दरबाराचा नकार हे त्यामागील एक महत्त्वाचे कारण होते. म्हणजे कागलहून निघालेल्या एका स्त्रीचे नाव मुंबई, मकाव आणि कँटनच्या इतिहासात अप्रत्यक्षपणे गुंतलेले आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील वाचकाला घोष यांच्या कादंबऱ्या दूरच्या वाटण्याचे कारण नाही ते यामुळे.

भटजींना हे दिसले नाही, याबद्दल त्यांना दोष देणे अनैतिहासिक ठरेल. त्यांची दृष्टी याज्ञिक ब्राह्मणाची आहे. दानाची रक्कम, पंक्तीतील पदार्थ, क्षेत्राचे माहात्म्य, राणीचा दिनक्रम, लुटीतील भय आणि भूक हे त्यांचे विषय, आणि त्या विषयांत त्यांची नजर विलक्षण तीक्ष्ण आहे. त्यांच्याकडे कारस्थानही आहे, पण ते अफवेच्या रूपाने येते. भटजी ‘किम’सारखे कोणाचे हेर नाहीत, कोणतेही रहस्य त्यांच्या हाती नाही, आणि म्हणूनच प्रत्येक चौकीवर त्यांना जिवाचे भय आहे. वसाहतकाळातील प्रवासाचे हे चित्र किपलिंगच्या चित्रापेक्षा अधिक विश्वसनीय आहे. घोष यांना दितीसाठी जी सामान्य माणसाची नजर कल्पनेने निर्माण करावी लागली, ती मराठीला भटजींच्या रूपाने प्रत्यक्ष लाभली होती. प्रश्न आहे तो पुढच्या लेखकांचा.

नायक आणि माल

मराठी कादंबरी जन्मापासून प्रवास आणि कारस्थान यांना परिचित आहे. भटजी घराबाहेर पडले त्याच १८५७ साली बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाली. तिची नायिका विधवांची स्थिती पाहत फिरते. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) कपटकारस्थानांनी भरलेली आहे. पुढे ऐतिहासिक कादंबरीने दरबारी डावपेच मराठी वाचकाच्या अंगवळणी पाडले. आमच्या नेसरीपासून जवळच, चंदगड तालुक्यातील कोवाडच्या रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) घरोघर पोहोचली. ना. सं. इनामदार यांनी ‘झुंज’मध्ये यशवंतराव होळकरांना, म्हणजे थेट मालव्याच्याच एका सत्ताधीशाला, नायक केले. वाचकांच्या दोन-तीन पिढ्यांना इतिहासाची गोडी या कादंबऱ्यांनी लावली, हे त्यांचे श्रेय वादातीत आहे.

परंतु या परंपरेत कथा हलते ती व्यक्तीच्या निष्ठेने, शौर्याने आणि शोकाने. नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह शत्रूवर तुटून पडले, ही या परिसराची जिवंत स्मृती आहे. तिच्या छायेत वाढलेल्या वाचकाला सात घोडेस्वारांचा इतिहास लगेच भिडतो. पेटीमागे १७५ रुपयांचा इतिहास भिडत नाही. वीराला प्रतिस्पर्धी लागतो, मालाला गिऱ्हाईक लागते. शिंदे दरबाराने कंपनीचा करार नाकारला, हा प्रसंग वीरकथेच्या साच्यात घालून पाहिला तर सुरुवात उत्तम होते : परक्या मक्तेदारीपुढे मराठी दरबार वाकत नाही. पण पुढच्याच प्रकरणात विचारावे लागते, की न वाकता त्याने राखले काय? उत्तर आहे, चीनला विष विकण्याचे स्वातंत्र्य. फारुकींनी दाखविलेला प्रतिकार खरा आहे आणि त्या प्रतिकाराची किंमत फुकियन व क्वांगतुंग प्रांतांतील घरांनी मोजली, हेही खरे आहे. या दोन सत्यांचे ओझे एकाच पात्रावर टाकण्यास नायककेंद्री कादंबरी तयार होत नाही. तिला नायकाचा अपराध शोकांतिकेत विरघळवून टाकायची सवय आहे.

हे मराठीला अशक्य आहे असे मात्र म्हणता येणार नाही. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’मध्ये (१९८८) रसद हा युद्धाइतकाच मोठा विषय आहे. धान्य येत नाही, पैसा येत नाही, जनावरे मरतात, आणि सेनापतीचे शौर्य उपाशी सैन्यापुढे अपुरे पडते. धान्याचे पोते ज्या कादंबरीत घटना घडवू शकते, तिच्या भाषेत अफूची पेटीही घटना घडवू शकेल. तेथे लेखकाला फक्त उपासमारीची सहानुभूती सोडून नफ्याकडे पाहावे लागेल, आणि ते अधिक कठीण आहे.

साक्षी मराठी माणसाची, भाषा इंग्रजी

अफूविषयी मराठी माणसाने साक्ष दिलीच नाही असे नाही. पुण्याच्या सुंदरबाई पवार या ख्रिस्ती कार्यकर्त्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडला गेल्या आणि तेथील सभांतून त्यांनी अफूच्या सरकारी व्यापाराविरुद्ध भाषणे केली. १८९२ मध्ये लंडनमध्ये त्यांची पुस्तिका निघाली. ब्रिटिश सरकारच्या अफूच्या अपराधाविरुद्ध एका भारतीय स्त्रीचे आरोपपत्र, असा तिच्या शीर्षकाचा आशय आहे. त्यानंतर वर्षभरातच, १८९३ मध्ये, अफूविषयक शाही आयोग नेमला गेला. १८९५ च्या त्याच्या अहवालाने व्यापाराची बाजू बव्हंशी सावरून धरली, हा भाग वेगळा. येथे महत्त्वाचे हे, की प्रवास, अफू आणि सत्तेशी झगडा हे तिन्ही घटक ज्या मराठी स्त्रीच्या आयुष्यात एकत्र आले, तिचा हा मजकूर इंग्रजी वाचकासाठी इंग्रजीत छापला गेला. पंडिता रमाबाईंच्या सहकारी म्हणून सुंदरबाईंची ओळख थोडीफार आहे. अफूविरोधी लेखिका म्हणून त्यांना आपल्या वाङ्मयेतिहासात जागा मिळावयास हवी. बाबा पदमनजींना जागा देणाऱ्या इतिहासाला ते जड जाऊ नये.

विसाव्या शतकात चीनविषयीची मराठी स्मृती वेगळ्याच नावाभोवती जमली. सप्टेंबर १९३८ मध्ये सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस वैद्यकीय पथकाबरोबर मुंबईहून बोटीने निघाले. १९४२ मध्ये चीनमध्येच त्यांचा अंत झाला, आणि १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला. घोष यांचा बहराम १८३८ साली त्याच मुंबईहून त्याच दिशेला निघतो. शंभर वर्षांच्या अंतराने एका बंदरातून आधी अफू गेली आणि मग डॉक्टर गेले. आपण दुसरे गलबत लक्षात ठेवले, यात अस्वाभाविक काही नाही. पण कोटणीसांच्या त्यागाचा अर्थ पहिल्या गलबताची आठवण ठेवली तरच पुरता उमगतो. चिनी माणसाला तरी ती आठवण होतीच.

मुंबईतील अफूचा शेवटचा अध्याय जीत थायिल यांनी ‘नार्कोपोलिस’मध्ये (२०१२) लिहिला. शुक्लाजी स्ट्रीटवरील रशीदचा अड्डा, नळी भरून देणारी डिंपल, आणि चीनमधून पळून मुंबईत आलेला वृद्ध मिस्टर ली हे त्या कादंबरीचे विश्व. कँटनला गेलेली अफू जणू मिस्टर लीच्या नळीतून मुंबईत परत येते, आणि तिच्या जागी पुढे गर्द येते. हाच गर्द मराठीत अनिल अवचट यांनी आधी लिहिला, तोही कादंबरीत नव्हे, तर प्रत्यक्ष पाहून केलेल्या लेखनात; आणि त्याच काळात, १९८६ साली, पुण्यात ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. थायिल यांच्या गद्यात नशेची लय आहे आणि तिची मोहिनीही. अवचटांच्या गद्यात तिला मुद्दाम थारा नाही, कारण समोरचा मुलगा बरा व्हावा ही त्यांची निकड आहे. वाङ्मयीन दृष्टीने थायिल यांची कादंबरी अधिक धाडसी आहे. तरीही अवचटांच्या पुस्तकात व्यसनी माणसाला आई असते, पत्ता असतो आणि उद्याचा दिवस असतो. मालव्याच्या शेतावर जाऊ इच्छिणाऱ्या मराठी कादंबरीकाराला या दोन्ही लेखकांकडून घेण्यासारखे आहे. कागदपत्रांची उणीव त्याला भासू नये : शिंदे–होळकरांच्या राज्यातील जुना कारभार मोडीत लिहिला जाई, आणि मोडी वाचणारी माणसे आपल्या महाविद्यालयांतून अजून तयार होत आहेत.